निबंध अडायचा, गोष्ट सुटली

लेक तिसरीत. निबंधाला बसली की पहिली ओळ ठरलेली, ‘मला पावसाळा फार आवडतो’, आणि तिथेच पेन्सिल अडायची. मग मी विषय देणंच बंद केलं. दादरहून लोकलने येताना तिला एकच माणूस निवडायला सांगते. गजरे विकणारी ही मावशी कुठे उतरेल? घरी कोण वाट बघत असेल? ती बोलते, मी तिच्याच शब्दांत वहीत उतरवते. ऱ्हस्व-दीर्घ त्या वेळी अजिबात काढायचं नाही. परवा म्हणाली, ‘टोपलीतले गजरे संपले, वास राहिला.’ असं वाक्य कुठल्या गाईडात मिळणार! आता वही तीच ओढून घेते. वाचन मात्र हवंच. बालभारतीचं ‘किशोर’ मासिक १९७१पासून निघतंय, जुने अंक ऑनलाइन मोफत वाचता येतात. त्यातली गोष्ट रात्री मी अर्ध्यावर थांबवते, पुढचं ती रचते.