मुलाला ‘कच्चं लिंबू’ करू नका: शिबिराच्या ताई-दादांना तयार करताना या चुका टाळा

लहानपणी डब्बा ऐसपैस खेळताना कुणाचं तरी धाकटं भावंड मध्ये यायचंच. मग ठरायचं, ‘हे कच्चं लिंबू’. ते पळणार, लपणार, पण त्याच्यावर राज्य येणार नाही. चार वर्षांच्या पोराला त्यात मजा वाटते. अकरा वर्षांच्या मुलीला तसं वागवलं, तर तिला ते पहिल्या पाच मिनिटांत कळतं.

उन्हाळी शिबिरं आणि जलतरण तलाव यांच्या कर्मचाऱ्यांना अपंग मुलांसोबत काम करायला शिकवणं हे माझं काम. नकार देणारी माणसं मला फार भेटत नाहीत. प्रवेश देऊन मुलाला कच्चं लिंबू करून ठेवणारी मात्र खूप भेटतात, आणि त्यांचा हेतू चांगलाच असतो. म्हणूनच या चुका लवकर दिसत नाहीत.

वही हातात देऊन बाजूला बसवणं

एका शिबिरात व्हीलचेअरवरची एक मुलगी तीन दिवस गुण लिहीत बसली होती. दादाला वाटत होतं, आपण तिला जबाबदारीचं काम दिलंय. तिसऱ्या दिवशी तिने मला विचारलं, ‘ताई, मी कुठल्या टीममध्ये आहे?’ ती कुठल्याच टीममध्ये नव्हती.

त्याच दुपारी आम्ही लगोरी मांडली. फरश्यांचे तुकडे जमिनीवर न रचता पालथ्या क्रेटवर रचले, म्हणजे तिला खाली न वाकता लगोरी लावता येईल. चेंडू नेहमीचाच ठेवला. एक नियम सगळ्यांना सांगितला, की चाकाला चेंडू लागला तर अंगाला लागल्यासारखाच, ती बाद. दोन मिनिटांत ती बाद झाली आणि ‘लागलाच नाही!’ म्हणून कडाकडा भांडली. तो दादा माझ्याकडे घाबरून बघत होता. मी त्याला म्हटलं, भांडू दे, आज ती खेळतेय.

ताई-दादांना शिकवायचं ते हेच: खेळ कसा मोडायचा आणि पुन्हा कसा बांधायचा. संगीत खुर्चीत ऐकू न येणारं मूल असेल, तर गाणं थांबताना रुमालही खाली करा, आणि तो सगळ्यांना दिसेल असा धरा. खो-खोत ‘खो’ ओरडून देतातच, पण पाठीला हात नीट, जाणवेल असा लागलाच पाहिजे. लंगडीत एखाद्याला एका पायावर तोल सावरता येत नसेल, तर त्याला दोन्ही पायांवर पळू द्या आणि त्याचं मैदान मोठं करा. नियम बदला, पण हार-जीत काढून घेऊ नका. त्याच्यावरही राज्य येऊ द्या.

फॉर्मवर टक्के विचारणं

प्रवेश अर्जात ‘अपंगत्व आहे का? किती टक्के?’ एवढाच रकाना असतो. प्रमाणपत्रावरचे टक्के सवलतींसाठी असतात. ते वाचून मूल पाण्यात उतरताना कुठे धरायचं, हे तलावावरच्या दादाला कळत नाही. त्याऐवजी हे विचारा: पाण्यात उतरायला कशी मदत लागते? घाबरायला कशामुळे होतं? सांगितलेलं कसं कळतं, बोलून, खुणेने की चित्राने? फिट येते का, शेवटची कधी आली होती? आणि आधी मुलाला विचारा, मग आई-बाबांना. व्हीलचेअरवरच्या पंधरा वर्षांच्या मुलाच्या डोक्यावरून त्याच्या वडलांना ‘याला काय झालंय?’ असं विचारलेलं मी फार वेळा ऐकलंय. शब्दांच्या बाबतीत एवढंच सांगते: कुणी ‘दिव्यांग’ म्हणवून घेतं, कुणी ‘अपंग’, पण नाव प्रत्येकाला असतं. नावाने हाक मारा.

पाण्याला ‘नको’ म्हणणं, किंवा काहीच न विचारता ‘चल’ म्हणणं

‘जबाबदारी कोण घेणार?’ हे वाक्य तलावावर सगळ्यात जास्त ऐकू येतं. सांगली जिल्ह्यातले मुरलीकांत पेटकर 1965च्या युद्धात गोळ्या लागून जायबंदी झाले आणि पुढे 1972 साली हायडेलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये 50 मीटर फ्रीस्टाइल पोहून त्यांनी भारताला पहिलं पॅरालिंपिक सुवर्णपदक मिळवून दिलं. जमिनीवर जो पाय साथ देत नाही, त्याचं ओझं पाण्यात जाणवत नाही. अशा मुलांसाठी तलावासारखी मोकळी जागा दुसरी नाही. शिवाय 2016च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमात कलम 29 करमणुकीबद्दल आहे आणि कलम 30 खेळांबद्दल. त्यामुळे तलावाचं दार उघडणं ही कुणाची मेहेरबानी नाही.

पण आत घेताना माहिती हवी. डाउन सिंड्रोम असलेल्या काही मुलांच्या मानेचा वरचा सांधा सैल असतो. डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्यांना सूर मारायला किंवा कोलांटउडी मारायला लावू नका. मणक्याच्या दुखापतीमुळे पायांना संवेदना नसेल, तर तापलेल्या फरशीचा चटका त्या मुलाला कळत नाही आणि काठाला खरचटलेलंही कळत नाही. काठावर ओला टॉवेल अंथरा, आणि बाहेर आल्यावर स्वतःचे पाय नीट बघायला त्याला आठवण करा.

फिट आली तर काय करायचं, याची मी प्रत्येक प्रशिक्षणात प्रत्यक्ष तालीम घेते. दर वेळी कुणीतरी कांदा नाहीतर चप्पल आणायला धावतं. यातलं काही हुंगवू नका, तोंडात चमचा घालू नका, हातपाय दाबून धरू नका. जमिनीवर असेल तर डोक्याखाली काहीतरी मऊ द्या, झटके ओसरले की कुशीवर वळवा आणि घड्याळ बघा. पाच मिनिटांत थांबली नाही तर ॲम्ब्युलन्स. पाण्यात आली, तर डोकं मागून धरून चेहरा पाण्याच्या वर ठेवा. बाहेर काढल्यावर मूल ठणठणीत दिसलं तरी दवाखान्यात न्या, कारण छातीत पाणी गेलेलं लगेच कळत नाही.

खुर्ची हातांना धरून उचलणं

व्हीलचेअरचे हात बऱ्याचदा निघणारे असतात. चार जणांनी उत्साहाने उचललं आणि एक हात सुटून आला, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. मागे ढकलायच्या मुठी आणि पुढची पक्की चौकट, एवढंच धरायचं. पायऱ्या चढताना असो वा उतरताना, खुर्चीची पाठ नेहमी वरच्या पायरीकडे. आणि बसलेल्या माणसाला विचारल्याशिवाय खुर्चीला हात लावायचा नाही. अंध व्यक्तीचा हात पकडून ओढू नका. आपलं कोपर पुढे करा, अर्धं पाऊल पुढे चाला, पायरी वर जाते की खाली ते सांगा. निघून जाताना ‘मी निघते’ म्हणा, नाहीतर ती व्यक्ती रिकाम्या जागेशी बोलत राहते.

डोळ्यांवर पट्टी बांधून प्रशिक्षण उरकणं

अर्धा तास पट्टी बांधून चालवलं की अंधत्व समजतं, असा समज आहे. त्या अर्ध्या तासात फक्त भीती समजते, आणि तीच भीती घेऊन दादा दुसऱ्या दिवशी मुलाचा हात सोडत नाही. त्यापेक्षा एखाद्या अंध खेळाडूला शिकवायला बोलवा आणि इतर प्रशिक्षकांइतकंच मानधन द्या. तासभर त्याच्यासोबत मैदानावर घालवला, की ताई-दादांचे हात सैल होतात. या प्रशिक्षणात फाटकावरचे काका, पावत्या फाडणाऱ्या मावशी आणि कपडे बदलायच्या खोलीतल्या बाई हव्यातच. मुलाची पहिली गाठ त्यांच्याशी पडते.

मूल यायचं बंद झालं, तर

‘रमलं नसेल’ म्हणून सोडून देऊ नका, त्याच दिवशी फोन करा. कारण बहुतेक वेळा लहान आणि सुधारता येण्यासारखं असतं. एखाद्या स्वमग्न (ऑटिझम असलेल्या) मुलाला शिट्टीचा आवाज सोसत नाही. तिथे शिट्टीऐवजी हात वर करा आणि दिवसाचा क्रम चित्रांत लावा. कुणाच्या आईला रोज ‘तुम्ही इथेच थांबा’ म्हटलेलं असतं आणि तिला कामावर जायचं असतं. कधी एक ताई दिवसभर मुलाला चिकटून असते, म्हणून त्याला एकही मित्र मिळत नाही. कधी न विचारता काढलेला त्याचा फोटो ग्रुपवर फिरलेला असतो.

आणि फार वेळा कारण संडासाचं असतं. मूल घरून पाणी न पिता येतं, कारण व्हीलचेअरसाठी बांधलेल्या संडासात सतरंज्या आणि फुटबॉल कोंबलेले असतात. शिबिराच्या आदल्या दिवशी ते दार स्वतः उघडून बघा. मोजपट्टी न्या, दाराची रुंदी 90 सेंटिमीटर हवी. आतलं सामान काढा आणि किल्ली फाटकावरच्या काकांकडे ठेवू नका, दार उघडंच राहू द्या.