जुना ट्रॅक्टर बघायला जाताय? इंजिन थंडच असू द्या

नागपूरच्या आसपास जुना ट्रॅक्टर शोधायचा, तर आधी काटोल, सावनेर, उमरेडकडच्या फिटरला आणि वेल्डिंगवाल्याला विचारा. कोणाच्या गोठ्यामागे काय उभं आहे, हे त्यांना पाठ असतं. महिंद्राचा बी-२७५ असो की एचएमटी, मालकाला आदल्या दिवशीच सांगून ठेवा, "भाऊ, मी येईपर्यंत चालू करू नका." पोचल्या पोचल्या इंजिनाला हात लावा. कोमट लागलं, तर आधीच गरम करून ठेवलंय. थंड असताना सुरू व्हायला ते कुरकुरतं, हे तुम्हाला कळू नये म्हणून. मग डिपस्टिक, म्हणजे ऑइल मोजायची पट्टी, काढा. ऑइल दुधाळ चहासारखं दिसलं, तर आत पाणी शिरलंय. निळा धूर सुटतच राहिला, तर पिस्टनच्या रिंगा गेल्यात. रंगरंगोटीला मी तरी काडीचीही किंमत देत नाही.

चेसिस आणि इंजिन नंबर, वरची ग्रीस पुसून, आरसीशी स्वतः ताडून पाहा. कर्ज चढलेलं असेल, तर बँकेची एनओसी (ना हरकत दाखला) आणि फॉर्म ३५ (आरसीवरचा कर्जाचा बोजा उतरवायचा फॉर्म) घेतल्याशिवाय बयाणा देऊ नका. नोंदणी १५ वर्षांची असते, पुढे दर ५ वर्षांनी नूतनीकरण. ते राहिलं असेल, तर तो खर्च सौद्यातच वजा करून घ्या.