खानदेशातून नैरोबीच्या वस्त्यांत सेवेसाठी जाताना

केनियाची राजधानी नैरोबी येथील किबेरा, मथारे किंवा मुकुरू यांसारख्या गरीब वस्तीत काही आठवडे सेवा करण्याचे आपल्या ख्रिस्ती मंडळीने, म्हणजे चर्चने, ठरवले असेल, तर तयारीची सुरुवात पासपोर्टापासून न करता एका पत्रापासून करावी. हे पत्र तेथील स्थानिक मंडळीच्या पाळकांना, म्हणजे धर्मगुरूंना, लिहावे. आपण काय काय करू शकतो याची यादी त्यात देऊ नये. तुम्हाला कोणत्या कामासाठी, किती दिवसांसाठी आणि कशा प्रकारची माणसे हवी आहेत, एवढेच विचारावे. उत्तर येईपर्यंत तिकिटे काढू नयेत, आणि "सध्या कोणी नको" असे उत्तर आले तर तेही मनापासून स्वीकारावे.

केनियाच्या २०१९ च्या जनगणनेनुसार तेथील सुमारे ८५ टक्के लोक ख्रिस्ती आहेत. तेथे सुवार्ता, म्हणजे येशूचा संदेश, आपल्यामुळे पोहोचणार नाही. ती आपल्या कितीतरी आधी पोहोचलेली आहे आणि वस्तीतील पाळक रोज तीच जगत आहेत. पश्चिम खानदेशात परदेशी मिशनरी आले तेव्हा आपले आजी-आजोबा, पणजी-पणजोबा सेवा घेणाऱ्यांच्या बाजूला होते. भिली, मावची या येथील आदिवासी भाषा शिकून वर्षानुवर्षे राहिलेल्यांची आठवण आपल्या घरांत आजही निघते. चार दिवस येऊन फोटो काढून गेलेल्यांची निघत नाही. आपण कसे पाहुणे व्हावे याचा धडा आपल्याला घरातच मिळालेला आहे.

गट सहा ते आठ जणांचाच असावा. निवड करताना उत्तम प्रवचन करणाऱ्यांपेक्षा हातात कसब असलेल्यांचा विचार आधी करावा, असे माझे स्पष्ट मत आहे. शहाद्याकडे दहा वर्षे बचत गट चालवलेली बहीण, नळजोडणी करणारा तरुण, शिवणयंत्र दुरुस्त करणारा भाऊ यांचा तेथे खरा उपयोग होतो. नैरोबीच्या वस्त्यांत बायका 'चामा' नावाचे गट चालवतात. ठरलेली रक्कम दर आठवड्याला किंवा महिन्याला गोळा होते आणि पाळीपाळीने एकेकीला मिळते. हे वाचताच आपल्या प्रत्येक बहिणीच्या तोंडी 'भिशी' हा शब्द येईल. अशी बहीण तेथे शिकवायला न जाता हिशेबाची वही घेऊन शेजारी बसली, तर दोन्हीकडच्या बायका एकमेकींकडून शिकतात. डॉक्टर आणि परिचारिका यांनी मात्र तेथील वैद्यकीय किंवा परिचर्या परिषदेची तात्पुरती परवानगी मिळाल्याशिवाय कोणालाही तपासू नये आणि औषधांच्या पेट्या सोबत नेऊ नयेत.

जाण्याआधी किमान सहा शनिवार-रविवार आपल्याच जिल्ह्यात सराव करावा. सातपुड्याच्या पायथ्याची कुटुंबे ऊसतोडीसाठी गुजरातेत जातात, तर काही धुळे-जळगावच्या कडेला झोपड्या टाकून मजुरी करतात. अशा एका वस्तीत, तेथील लोकांची संमती घेऊन, जावे. काही वाटू नये, फोटो काढू नये, उपदेश करू नये; पाणी कुठून येते, भाडे कोण घेते, आजारपणात कर्ज कोणाकडून मिळते, एवढेच ऐकून घ्यावे. किबेरातही पुष्कळ कुटुंबे खेड्यातून कामासाठी आलेली आहेत, झोपडीचे भाडे भरतात आणि पाणी वीस लिटरच्या कॅनने विकत घेतात. घराजवळ हे ऐकण्याची सवय लागली नाही, तर समुद्रापलीकडे ती अचानक लागणार नाही.

कागदपत्रांच्या बाबतीत घाई उपयोगाची नाही. जानेवारी २०२४ पासून केनियाने जुन्या व्हिसाऐवजी ऑनलाइन प्रवास-परवानगीची पद्धत सुरू केली. मात्र ती मिळाली म्हणजे सेवाकार्याची मुभा मिळाली, असे धरून चालू नये. धार्मिक आणि सेवाभावी कामासाठी तेथे वेगळा परवानावर्ग आहे, म्हणून आपल्या मुदतीला आणि कामाला काय लागते हे यजमान मंडळीने इमिग्रेशन कार्यालयात विचारून लेखी कळवावे. पीतज्वराची (यलो फीवरची) लस मान्यताप्राप्त केंद्रातच घ्यावी लागते. तिचे प्रमाणपत्र दहा दिवसांनंतर ग्राह्य होते आणि मग आयुष्यभर चालते. परतताना मुंबई विमानतळावर हे पिवळे कार्ड दाखवता आले नाही, तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात राहावे लागू शकते. म्हणून ते पासपोर्टातच ठेवावे. नैरोबी समुद्रसपाटीपासून सुमारे १७०० मीटर उंचीवर असल्याने तेथे हिवतापाचा धोका कमी आहे, परंतु व्हिक्टोरिया सरोवराकडे, किसुमूच्या भागात जायचे असल्यास आधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. जळगावच्या उन्हात वाढलेल्यांनी हेही ध्यानात ठेवावे की जुलै हा तेथे थंडीचा महिना आहे, आणि मार्च ते मे या मोठ्या पावसात वस्तीच्या गल्ल्यांतून चालणे अवघड होते.

सामान बांधताना प्लॅस्टिकच्या कॅरीबॅग अजिबात नेऊ नयेत. ऑगस्ट २०१७ पासून केनियात त्यांच्यावर कडक बंदी आहे. जुन्या कपड्यांचे गठ्ठेही नेऊ नयेत. आपल्याकडे नाताळच्या आधी कपडे गोळा करण्याची पद्धत आहे आणि त्यामागची भावना चांगली आहे, पण नैरोबीत 'मितुंबा' म्हणजे वापरलेल्या कपड्यांचा प्रचंड व्यापार चालतो. गिकोंबा हा त्याचा मोठा बाजार. वस्तीतील कितीतरी बायकांचे घर त्याच विक्रीवर चालते. आपण फुकट वाटलेला प्रत्येक सदरा तिच्या गाठोड्यातील एका सदऱ्याचे गिऱ्हाईक कमी करतो. काही द्यायचेच असेल, तर पाळकांच्या सल्ल्याने तेथेच विकत घ्यावे.

पैशांचा प्रश्न निघण्याआधी मिटवावा. मंडळीचा ट्रस्ट नोंदणीकृत असेल, तर भारताबाहेर केलेल्या खर्चाला आयकरातील सवलत आपोआप मिळत नाही आणि परदेशी रक्कम पाठवण्याचे नियमही वेगळे आहेत. म्हणून लेखापरीक्षकांचा लेखी सल्ला घ्यावा. तेथे २००७ साली सुरू झालेल्या एम-पेसा या मोबाइल सेवेतून भाजीपासून भाड्यापर्यंत सारे व्यवहार होतात. गटातील एकाच सदस्याने खर्च करावा, रोज संध्याकाळी हिशेब लिहावा, आणि कोणीही वैयक्तिकरीत्या कोणाच्या हातात रोख रक्कम देऊ नये, कारण त्यातून शेजाऱ्या-शेजाऱ्यांत पडलेली तेढ आपण परतल्यावर पाळकांना निस्तरावी लागते. निधी मागताना आकडे फुगवू नयेत. किबेरात दहा लाख लोक राहतात असे वर्षानुवर्षे सांगितले गेले, परंतु २००९ च्या जनगणनेत ही संख्या एक लाख सत्तर हजारांच्या आसपास निघाली. दानपेटीत चार पैसे जास्त पडावेत म्हणून त्या लोकांची अवस्था आहे त्याहून भयंकर रंगवणे हा त्यांचा अपमान आहे.

थोडी स्वाहिली आधी शिकावी. 'दुका' म्हणजे दुकान, 'चपाती' आणि 'चाय' तर ओळखीचेच. मंडळीत 'ब्वाना असिफिवे', म्हणजे प्रभूची स्तुती असो, असे अभिवादन करतात आणि उत्तरात 'आमेन' म्हणतात. कोणाचे दुःख ऐकले की 'पोले', म्हणजे वाईट वाटले, असे म्हणावे. स्वाहिलीत तास सकाळी सहापासून मोजतात. 'सा मोजा', म्हणजे एक वाजता, असे कोणी सांगितले तर ते सकाळचे सात असतात. हे माहीत नसेल, तर पहिल्याच दिवशी लोक आपली वाट पाहत बसतील. आपल्याला तेथे 'मुहिंदी', म्हणजे भारतीय, म्हणतील. १८९६ ते १९०१ या काळात केनियातून जाणारी युगांडा रेल्वे बांधण्यासाठी सुमारे ३२,००० मजूर हिंदुस्थानातून नेले गेले. पुढे भारतीय माणूस तेथे मुख्यतः दुकानदार आणि मालक म्हणून ओळखला जाऊ लागला. त्यामुळे सुरुवातीला कोणी अंतर ठेवून बोलले, तर वाईट वाटून घेऊ नये. उगाली, म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट शिजवलेला गोळा, आणि सुकुमा विकी ही पालेभाजी कोणी पुढे ठेवली, तर हाताने, पोटभर आणि घरच्यासारखी खावी.

मुलांच्या बाबतीत नियम कडक असावेत. गटातील कोणीही एखाद्या मुलासोबत एकटे राहू नये. दोन प्रौढ आणि त्यांतील एक स्थानिक, हे बंधन कधीही सैल करू नये. पालकांच्या संमतीशिवाय मुलांचे फोटो काढू नयेत. अंधार पडल्यावर स्थानिक सोबत्याशिवाय वस्तीत फिरू नये.

परत आल्यावर मंडळीपुढे वाचायचा अहवाल दोन पानांचा लिहावा आणि वाचनाच्या आधी त्याचा इंग्रजी तर्जुमा तेथील पाळकांना पाठवावा. त्यांनी जी वाक्ये खोडली असतील, ती येथे आपल्या मंडळीपुढेही वाचू नयेत.