ट्युलिपचे कंद लावताना या चुका टाळा

विदर्भात हौसेने लावलेल्या ट्युलिपला फूल आले नाही की दोष काळ्या मातीला किंवा खताला दिला जातो, परंतु बहुतेक वेळा कंद मातीत जाण्यापूर्वीच बिघडलेला असतो. फुलाचा दांडा नीट लांबण्यासाठी या कंदाला सुमारे १२ ते १४ आठवडे ४ ते ८ अंश सेल्सिअस तापमान लागते. श्रीनगरला दल सरोवराजवळच्या ट्युलिप बागेत ही थंडी जमिनीतच मिळते. आपल्याकडे डिसेंबरच्या रात्री पारा १० अंशांपर्यंत उतरला तरी दुपारी तो २८ अंशांच्या घरात जातो, म्हणून हे काम फ्रीजवर सोपवावे लागते. कंद घेतानाच त्यांना थंडी देऊन झाली आहे का, हे विक्रेत्याला विचारावे. नसेल, तर डिसेंबरअखेरच्या लागवडीपासून उलटे आठवडे मोजून सप्टेंबरातच ते फ्रीजमध्ये ठेवावेत.

फ्रीजमध्ये होणाऱ्या चुका कोणाच्या लक्षात येत नाहीत, म्हणून त्या अधिक नडतात. बर्फाच्या कप्प्यात ठेवलेला कंद गोठून मरतो, तर बंद प्लॅस्टिकच्या पिशवीत त्याला बुरशी लागते. भोके पाडलेली कागदी पिशवी आणि भाजीचा कप्पा हीच त्याची योग्य जागा आहे. मात्र त्याच फ्रीजमध्ये पिकलेली केळी, पेरू, सीताफळे किंवा टोमॅटो ठेवू नयेत, कारण त्यांतून निघणाऱ्या इथिलीन वायूने कंदाच्या पोटातील कळी वाळून जाते. ही कळी लागवडीच्या आधीच तयार असते. एखादा कंद उभा चिरला, तर कंदाच्या पांढऱ्या थरांच्या मधोमध ती स्पष्ट दिसते. तिथे तपकिरी, सुकलेला धागा दिसला, तर पुढे कितीही खत घातले तरी उपयोग नाही. पिशवीवर ठळक अक्षरांत नावही लिहावे, अन्यथा कांदा समजून ती फोडणीला जाण्याची शक्यता अगदीच काल्पनिक नाही.

काळी माती पाणी धरून ठेवते आणि कंद बुडापासून सडतो. त्यामुळे जमिनीपेक्षा मातीची कुंडी बरी. तीत निम्मी माती, उरलेल्या भागात जाड वाळू आणि पूर्ण कुजलेले थोडे शेणखत पुरते. कंद टोक वर ठेवून १० ते १५ सेंटिमीटर खोल लावावा. कुंडी सकाळचे ऊन मिळेल पण दुपारचे टळेल अशा ठिकाणी, छपरीच्या पूर्वेला ठेवावी आणि वर सोयाबीनचे कुटार पसरावे, म्हणजे माती तापत नाही. पाणी बोटाने माती चाचपून, सकाळीच द्यावे.

बिघाड ओळखणे फारसे कठीण नाही. फूल पानांच्या बेचक्यातच, जमिनीलगत उमलले, तर थंडी कमी पडली असे समजावे. कळी कागदासारखी कोरडी पडली, तर इथिलीन, ऊन किंवा पाण्याचा ताण यांपैकी एक कारण असते. पाने पिवळी पडून ओढताच हातात आली आणि बुडाला आंबूस वास असेल, तर ती सड होय. तो कंद मातीसह काढून टाकावा. कोंबच न दिसता मातीत बीळ दिसले, तर उंदरांचा बंदोबस्त करावा, कुंडीवर बारीक जाळी बसवावी.

कळीला रंग चढताच ती कापून घरात पाण्यात ठेवावी, कारण दुपारच्या उष्णतेने पाकळ्या पूर्ण उघडतात आणि लवकर गळतात. तेच कंद पुढच्या वर्षी फुलतील, ही अपेक्षा मात्र ठेवू नये. फूल गेल्यावर पानांनी कंद भरायचा असतो. येथे मार्चच्या उन्हात ती त्याआधीच करपतात, म्हणून दर वर्षी नवे कंद घेण्याचा खर्च आधीच गृहीत धरावा. उरलेले कंद गोठ्याकडे टाकू नयेत, कारण ते गुरांना विषारी असतात.