‘द एफजे होल्डन’ बघायला बसताना

शर्यती, पाठलाग, टायरचा धूर असलं काही डोक्यात धरून बसलात तर अर्ध्या तासात बंद कराल. मायकल थॉर्नहिलचा १९७७ सालचा हा सिनेमा सिडनीच्या बँक्सटाउन उपनगरात घडतो. कामगार वस्तीतली पोरं, बिअर, गाडी आणि पोरी. बस्स, गोष्ट एवढीच. मी सिडनीतल्याच पॅरामॅटात गाड्यांचीच कामं करतो, तेव्हा माझं ऐका: आधी गाडी समजून घ्या.

सिनेमाचं नाव जिच्यावरून, ती एफजे होल्डन ही ऑस्ट्रेलियन कार १९५३ ते १९५६ या काळात निघाली. म्हणजे या पोरांच्या हाती आलेली गाडी वीस वर्षांच्या पुढची. इंजिन २.१५ लिटरचं, सहा सिलिंडर, तीन गिअर, वायरिंग सहा व्होल्टचं. पळायला बेताचीच, पण बॉनेट उघडलं की सगळं हाताला लागतं. पाना धरता येणाऱ्या पोराला गॅरेजची पायरी चढावी लागत नाही. आजच्या गाड्यांत साधा बल्ब बदलायचा तरी अर्धं नाक उतरवावं लागतं, असो.

गिअरचा दांडा आपल्या जुन्या पद्मिनीसारखा स्टिअरिंगलाच. त्यामुळे पुढची सीट सलग, तिघं मावतात. नजर तिथे ठेवा. केव्हिन आणि बॉब जिवाभावाचे दोस्त, त्यात अ‍ॅन येते. गाडीत कोण कुठे बसतंय, कोण कोणाशी बोलतंय, बघत राहा. केव्हिनला ती मनापासून आवडते, पण दोस्ताला ‘तू जरा उतर’ म्हणवत नाही. पुढे घोळ होतो तो यातूनच, आणि तो साधासुधा नाही.

एकदा नकाशाही उघडून बघा. बँक्सटाउन सिडनीच्या मुख्य शहरापासून वीसेक किलोमीटर आत, समुद्रकिनारा लांब. ट्रेन तेव्हा शहरात न्यायची, पण रात्री कोणाच्या घरच्या पार्टीला नाही न्यायची. मग ही पोरं गाडीवर एवढा जीव का टाकतात, हे वेगळं सांगावं लागत नाही.

बोली अस्सल तिथली, तोंडातल्या तोंडात. सबटायटल मिळाली तर लावाच. आणि आईबाबा झोपल्यावर लावा. उघडीनागडी दृश्यं आहेत, शिव्याही आहेत.