मोटरहोममधलं निवृत्त आयुष्य: वर्ष आखण्यापासून मुलांच्या दारात गाडी लावण्यापर्यंत

अमेरिकेत मुलांकडे राहायला गेलेल्या आई-वडिलांना पहिला महिना कसा जातो ते कळतही नाही. पुढे मात्र दिवस मोठे वाटू लागतात. नातवंडं शाळेत, मुलगा-सून कामावर, गाडीशिवाय कुठे जायची सोय नाही आणि स्वयंपाकघर दुसऱ्याचं. आपली अडचण होतेय का, हा विचार मनात येतो आणि तो बोलूनही दाखवता येत नाही.

ग्रीन कार्ड किंवा नागरिकत्व असलेल्या, तब्येत बरी असलेल्या आजी-आजोबांना मी म्हणूनच मोटरहोमचा, म्हणजे राहण्या-झोपण्याची आणि स्वयंपाकाची सोय असलेल्या गाडीचा, विचार करायला सांगते. इथली असंख्य निवृत्त जोडपी असं राहतात. थंडीत दक्षिणेला, उन्हाळ्यात उत्तरेला, मधले काही महिने एखाद्या उद्यानात सेवा आणि वाटेत मुलांकडे मुक्काम. आपलं अंथरूण, आपला कुकर, आपले देव बरोबर असले की मुलांकडे पाहुणे म्हणून जावं लागत नाही, आणि निघायची तारीखही आपल्या हातात राहते.

आधी वर्ष, मग गाडी

बहुतेक जण आधी गाडी बघायला जातात. तसं करू नका. एका कागदावर बारा महिने लिहा आणि नातवंडांच्या सुट्ट्या, बाळंतपणं, मुंजी, गणपती, थँक्सगिव्हिंग आधी भरा. इथल्या मराठी मंडळांची संघटना असलेल्या बृहन्महाराष्ट्र मंडळाचं अधिवेशन दर दोन वर्षांनी वेगळ्या शहरात असतं, तेही जमत असेल तर टाका. मग हवामान बघा.

समजा, मुलगी ऑस्टिनला आणि मुलगा सिअ‍ॅटलला आहे. नोव्हेंबर ते मार्च टेक्सास, जून ते ऑगस्ट वॉशिंग्टन, आणि एप्रिल-मे व सप्टेंबर-ऑक्टोबर रस्त्यावर, असं वर्ष सहज बसतं. दोन्ही शहरांमधलं अंतर दोन हजार मैलांच्या वर आहे. मोटरहोमवाल्यांचा एक जुना नियम आहे: दिवसाला तीनशे मैलांहून जास्त नाही, दुपारी तीनच्या आत मुक्कामाला, आणि एका जागी किमान तीन रात्री. या हिशेबाने तीन आठवडे लागतात. घाईने आठवड्यात पोहोचणं शक्य आहे, पण सत्तरीतल्या पाठीला ते मानवत नाही.

गाडी: लहान घ्या

बससारख्या दिसणाऱ्या मोठ्या गाडीला इथे क्लास ए म्हणतात, व्हॅनमध्येच घर केलेल्या गाडीला क्लास बी, आणि पुढे व्हॅनची केबिन, वर पुढे आलेला झोपायचा माळा असलेल्या गाडीला क्लास सी. दोघांना कायम राहायचं आणि मधूनमधून नातवंडांना झोपायला बोलवायचं, तर पंचवीस फुटांच्या आसपासची क्लास सी मला सर्वांत सोयीची वाटते. राष्ट्रीय उद्यानांतली कितीतरी कॅम्पग्राउंड, म्हणजे मुक्कामाचे तळ, जुनी आहेत, तिथे पस्तीस फुटी गाडी मावत नाही.

घेण्यापूर्वी तशीच गाडी भाड्याने घेऊन दहा-बारा दिवस राहा, आणि त्यात एक पावसाचा दिवस येऊ द्या. दोघांनीही ती चालवून बघा. फक्त आजोबांना चालवता येते आणि वाटेत त्यांचाच पाय मुरगळला, ही वेळ येऊ देऊ नये.

जुनी गाडी घेताना टायरचं वय बघा. उभ्या गाडीचे टायर दिसायला नवे असतात, पण रबर आतून सुकलेलं असतं. टायरच्या बाजूला डीओटी अक्षरांनी सुरू होणारा क्रमांक असतो. त्याचे शेवटचे चार आकडे 2319 असतील तर टायर 2019 सालच्या तेविसाव्या आठवड्यातला. सहा-सात वर्षांच्या पुढचे असतील तर नव्या टायरचा खर्च किमतीतून कमी करून घ्या.

गाडीची उंची मोजून कागदावर लिहा आणि तो स्टिअरिंगजवळ चिकटवा. साध्या मोटारीसाठीचा फोनवरचा नकाशा गाडीची उंची न बघता तुम्हाला कुठेही नेईल. कनेटिकटमधल्या मेरिट पार्कवेवर पूल बुटके आहेत, तिथे मोटरहोम न्यायचीच नाही. न्यूजर्सीहून व्हर्जिनियाला लेकीकडे निघालात तर बाल्टिमोरचे बोगदेही टाळा, कारण मोटरहोममधल्या गॅसच्या टाकीला तिथे बंदी आहे. पूर्वी अशा गाड्या फ्रान्सिस स्कॉट की पुलावरून जायच्या. तो 26 मार्च 2024 रोजी जहाज धडकून कोसळला. आता 695 क्रमांकाच्या रस्त्याने शहराच्या पश्चिमेकडून वळसा घ्यायचा.

पत्ता आणि औषधपाणी

घर विकून निघणार असाल तर कायदेशीर पत्ता लागतोच. बरेच फिरते लोक टेक्सास, फ्लोरिडा किंवा साउथ डकोटा निवडतात. तिन्ही ठिकाणी राज्याचा प्राप्तिकर नाही आणि टपाल पुढे पाठवणाऱ्या सेवा आहेत. मुलीचा पत्ता चालत असेल तर ते सर्वांत सोपं.

मेडिकेअरकडे, म्हणजे ज्येष्ठांच्या सरकारी आरोग्यविम्याकडे, जास्त लक्ष द्या. मूळ मेडिकेअर देशभर चालतं. खासगी कंपन्यांमार्फत मिळणाऱ्या मेडिकेअर अ‍ॅडव्हांटेज योजना मात्र बहुधा एका भागातल्या डॉक्टरांपुरत्या असतात, त्यामुळे तातडीची वेळ सोडली तर परराज्यात अडचण होते. सतत फिरणार असाल तर मूळ मेडिकेअर आणि त्याला जोडून मेडिगॅप, म्हणजे उरलेला खर्च भरणारा खासगी पूरक विमा, घेतलेलं बरं. मेडिगॅप पहिल्यांदा पात्र होता तेव्हाच घ्या, कारण नंतर बऱ्याच राज्यांत कंपनी तब्येत बघून नकार देऊ शकते.

सेवेचं काम कसं मिळवावं

राष्ट्रीय उद्यानं, जंगलं आणि पक्षी-अभयारण्यांतली कामं व्हॉलंटिअर डॉट गव्ह या सरकारी संकेतस्थळावर असतात. राज्यांच्या उद्यानांसाठी त्या-त्या राज्याकडे अर्ज करायचा. सर्वांत जास्त मिळणारं काम कॅम्पग्राउंड होस्टचं. आलेल्यांना जागा दाखवायची, शेकोटीच्या कड्यांतली राख काढायची, कचरा उचलायचा, रात्री उशिरा आलेल्या माणसाला न्हाणीघर कुठे ते सांगायचं. त्याबदल्यात वीज, पाणी आणि बहुधा सांडपाण्याची जोडणी असलेली जागा फुकट मिळते.

ऑरेगनमध्ये होस्ट दीपगृहं दाखवायचं कामही करतात. न्यू मेक्सिकोतल्या बोस्के देल अपाचे अभयारण्यात थंडीत हजारो क्रौंच उतरतात, तिथेही मोटरहोममधून आलेले सेवक असतात. शिक्षक किंवा बँकेत नोकरी केलेल्या माणसांना माहिती केंद्राच्या टेबलावर बसणं फार छान जमतं. उच्चाराचा संकोच नको. अर्धे प्रवासी स्वतःच कुठून कुठून आलेले असतात, आणि गुजराती-मराठी बोलणारं एखादं कुटुंब समोर आलं की त्यांचे चेहरे बघण्यासारखे होतात.

होकार देण्याआधी फोनवर स्पष्ट विचारा: आठवड्याचे तास किती? ते प्रत्येकी की दोघांचे मिळून? सुट्टीचे दिवस सलग मिळतील का? आठवड्याला वीस ते बत्तीस तास सर्रास मागतात. ते दोघांचे मिळून असतील तर आरामात होतात, प्रत्येकी असतील तर ती नोकरीच झाली. सलग तीन दिवस सुट्टी मिळाली तर लेकीकडे जाऊन येता येतं. म्हणून मुलांच्या जवळचं उद्यान शोधा. मकिनी फॉल्स हे राज्य उद्यान तर ऑस्टिन शहरातच आहे. दक्षिणेतल्या थंडीच्या जागा लवकर भरतात, अर्ज सहा महिने ते वर्षभर आधी करा.

वयाची 62 वर्षं पूर्ण झाली असतील तर आधी सीनियर पास काढा. तो नागरिकांना आणि ग्रीन कार्डधारकांना मिळतो, 80 डॉलरमध्ये आयुष्यभरासाठी. राष्ट्रीय उद्यानांत प्रवेश मोफत आणि संघराज्याच्या अनेक कॅम्पग्राउंडवर निम्मं भाडं. 62 च्या आत असाल तर संघराज्याच्या उद्यानांत 250 तास सेवा केल्यावर वर्षभराचा पास मोफत मिळतो.

भारतातून व्हिजिटर व्हिसावर आलेल्यांनी भाड्याची मोटरहोम घेऊन खुशाल फिरावं, पण जागेच्या बदल्यात काम घेऊ नये. फुकट जागा हा मोबदला धरला जाऊ शकतो आणि पुढच्या व्हिसाला ते जड जाईल.

आतलं स्वयंपाकघर

कॅम्पग्राउंडवरच्या तीस अँपिअरच्या विजेच्या जोडणीवर एकूण 3,600 वॉट मिळतात. एसीला साधारण पंधराशे, इंडक्शन शेगडीला अठराशे. वर कोणी मायक्रोवेव्ह लावला की वीज गेलीच. स्वयंपाकाच्या वेळी एसी बंद करायची सवय लावा, किंवा शेगडी गॅसची वापरा. मिरचीच्या फोडणीने धुराचा गजर हमखास वाजतो, म्हणून मोहरी टाकण्यापूर्वी छताचा पंखा चालू करा. मासे तर बाहेरच्या टेबलावरच तळा. गादी-पडद्यांत बसलेला वास महिनाभर जात नाही.

तेलकट भांडी आधी कागदाने पुसा, मग धुवा. भाताची पेज आणि तेल सांडपाण्याच्या टाकीत साचलं की दुर्गंधी सुटते. संडासाची टाकी दोन तृतीयांश भरेपर्यंत तिची झडप बंद ठेवा, नाहीतर पाणी निघून जातं आणि मैला तळाशी घट्ट बसतो. रिकामी करताना आधी ती, मग सांडपाण्याची, म्हणजे साबणाच्या पाण्याने नळी धुऊन निघते. हातमोजे घाला. आठवड्यातून एक-दोनदा दहा मिनिटांचं हे काम आहे, त्याची किळस दोन-तीन वेळांत जाते.

मुलांच्या दारात

गाडी निघण्यापूर्वी मुलाला त्याच्या वसाहतीचे नियम वाचायला सांगा. अनेक वसाहतींत दारात मोटरहोम एक-दोन दिवसांपलीकडे उभी करता येत नाही, आणि शेजाऱ्याच्या तक्रारीचा त्रास शेवटी सुनेला होतो. परवानगी नसेल तर जवळच्या कॅम्पग्राउंडवर राहा आणि शनिवारी नातवंडांना तिकडेच बोलवा. मला तर तेच जास्त आवडतं. मुलांना सायकलला रान मिळतं आणि मुलगा-सुनेला एक संध्याकाळ मोकळी.

दारात उभी करायला मिळाली तर विजेचं नीट समजून घ्या. घरातल्या साध्या प्लगवर दिवे, फ्रीज आणि बॅटरीचा चार्जर चालेल, एसी नाही. इलेक्ट्रिक मोटार चार्ज करायला मुलाने गॅरेजमध्ये 14-50 जातीचं सॉकेट बसवलं असेल तर ते आणि पन्नास अँपिअरच्या मोटरहोमचं सॉकेट एकच असतं. कपडे वाळवायच्या यंत्राच्या सॉकेटला मात्र तीस अँपिअरची मोटरहोम कधीही जोडू नका. तिथे 240 व्होल्ट असतात, आपल्या गाडीला 120 हवेत, आतली सगळी उपकरणं जळतील.

नातवंडांना बरोबर न्यायचं असेल तर बसायच्या जागा आधी ठरवा. आडव्या सोफ्यावर कार सीट लावता येत नाही. तिला पुढे तोंड असलेली आणि पट्टा असलेली जागा लागते. क्लास सीमध्ये जेवणाच्या टेबलाजवळ अशा बहुधा दोनच असतात आणि कधीकधी एकही नसते, त्यामुळे गाडी बघायला जाताना नातवंडाची कार सीट बरोबर न्या आणि तिथेच बसवून बघा.