अथेन्सचं घुबडाचं नाणं घेताय? या चुका टाळा

हे प्राचीन ग्रीसमधलं चांदीचं नाणं, एका बाजूला अथेना देवीचा चेहरा, दुसऱ्या बाजूला घुबड. सगळ्यात आधी, नाणं काळं दिसतंय म्हणून लिंबू, टूथपेस्ट, रांगोळी यातलं काहीही लावू नका प्लीज. अडीच हजार वर्षांत चांदी आतून ठिसूळ झालेली असू शकते, जोरात घासलं तर कपचा उडतो, आणि वरची काळपट झाक एकदा गेली की परत येत नाही. चकचकीत केलेलं नाणं बघितलं की मला खरंच वाईट वाटतं.

दुसरं म्हणजे, अथेनाच्या शिरस्त्राणाचा तुरा कापला गेलाय म्हणून नाणं नकली समजू नका. हे नाणं म्हणजे टेट्राड्राक्म, चार ड्राक्मांचं (ड्राक्मा हे तिथलं चलन), ते जाड आणि लहान चकतीवर हातोड्याने ठोकून काढायचे, त्यात ठसा चकतीपेक्षा मोठा, मग तुरा बाहेर जाणारच. उलट सगळं अगदी मधोमध बसलेलं आणि किंमत फारच कमी असेल तर जास्त नीट बघा.

अथेनाचा डोळा बघायचा मात्र बरेच जण विसरतात. इ.स.पू. पाचव्या शतकातल्या नाण्यावर चेहरा बाजूने असतो पण डोळा समोरून बघावा तसा बदामी, बाजूने दिसणारा डोळा चौथ्या शतकात आला. त्यामुळे विकणारा इ.स.पू. 450 सांगतोय आणि डोळा बाजूचा आहे, तर काहीतरी चुकतंय.

नाण्यावर छिन्नीचा खोल घाव असेल तर लगेच नाक मुरडू नका. आत तांबं आहे का ते बघायला त्या काळी असा घाव घालायचे, कारण तांब्यावर चांदीचा पत्रा चढवलेली नाणी खरोखर फिरत होती. इ.स.पू. 375 च्या सुमारास अथेन्सने कायदाच केला, बाजारात पारखी बसायचा, आत तांबं किंवा शिसं निघालं की नाणं तिथल्या तिथे कापून देवमातेला अर्पण. म्हणून घावाच्या आत भिंग लावून बघा, लालसर किंवा हिरवट दिसलं तर थांबा.

आणि वजन न करता पैसे देऊ नका. साधारण 17.2 ग्रॅम हवं. काट्यावर पाण्याचा ग्लास ठेवून काटा शून्य करा, नाणं दोऱ्याने पाण्यात पूर्ण बुडवा पण तळाला किंवा काचेला टेकू देऊ नका. एवढ्या वजनाच्या चांगल्या चांदीला काटा 1.64 ग्रॅमच्या आसपास दाखवेल, 1.9 आला तर ती चांदी नाही. कडेवर सांध्याची रेघ किंवा अंगावर बुडबुड्यांसारखी बारीक छिद्रं दिसली तर ते ओतीव आहे, मग वजन बरोबर भरलं तरी घेऊ नका.